रंगरावांचे वडील उपाशी उठले

मेलवीथी, तंजावूर
श्रावण वद्य तृतीया, १९९७

तीर्थरूप गंगाअक्काच्या पायांशी धाकट्या शेषगिरीचा साष्टांग दंडवत. (साष्टांगात पोट धरलेलं नाही, असं शास्त्री सांगतात. माझ्या बाबतीत जमिनीला आधी तेच टेकतं आणि बाकीची आठ अंगं अधांतरी राहतात. तेव्हा हा नमस्कार जितका पोचेल तितका गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? बेळगावचा पाऊस ओसरला का? मेहुण्यांचा खोकला बरा असावा. प्रवीणकुमारला नवी नोकरी लागली आणि तो दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून असतो, हे वाचून आनंद झाला. त्याला सांग, मधूनमधून उठत जा. बसून बसून माणसाचं काय होतं ते बघायचं असेल तर मामाचा जुना फोटो पाठवतो. इकडे धनलक्ष्मी बरी आहे, जरा रोडावली आहे. मीही रोडावलो आहे. माझ्या रोडावण्यावरून या गल्लीत जे महाभारत झालं ते तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून जाण्याआधी मीच सांगावं म्हणून हे पत्र.

तुला हे गाव सोडून जन्म लोटला, म्हणून थोडं मागचं सांगतो. आपल्या लोकांची घरं इथे आता हाताच्या बोटांवर आली. पोरं मद्रासला जातात, तिथून अमेरिकेला जातात, म्हातारे मात्र मरायला आणि मेल्यावर जेवायला तंजावूरलाच राहतात. आणि त्यांचा हट्ट तुला ठाऊक आहे. श्राद्धाला पितरांच्या पानावर बसायला आपल्यातलाच माणूस हवा. इथे तमिळ ब्राह्मण हवे तेवढे मिळतात, माझ्यापेक्षा शंभरपट विद्वान मिळतात, पण घरोघरच्या बायकांचं ठाम मत असं की तुपात बुडवलेली आपली पुरणपोळी परक्या तोंडातून आपल्या सासऱ्याला पोचत नाही, वाटेत कुठेतरी अडकते. त्यामुळे भातगिरणीच्या कचेरीतून मी निवृत्त झालो तो थेट या दुसऱ्या नोकरीत रुजू झालो. कुणाचा बाप, कुणाची आजी, कुणाचा पणजोबा, ज्याची तिथी असेल त्याच्या वतीनं मी जेवायचं. माझं पोट हे आता माझं राहिलेलंच नव्हतं, ते गावच्या पितरांचं सामाईक कोठार झालं होतं. पानावर बसलो की माझ्या पोटाकडे बघून यजमानाला धीर येई. एवढ्या जागेत आपला म्हातारा नक्की मावेल, असं त्याच्या तोंडावर दिसे.

आणि नियम काय, तर जेवताना बोलायचं नाही. पदार्थ चांगला झाला म्हणायचं नाही, वाईट झाला म्हणायचं नाही. वाढणारा वाढतच राहणार, कारण मागून भिंतीवरचा फोटो बघत असतो. शेवटी यजमान हात जोडून विचारतो, ‘तृप्ताः स्थ?’ आणि आपण म्हणायचं, ‘तृप्ताः स्मः’. तृप्त झालो. (हे मी कितीदा म्हटलं असेल याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल. त्यातलं एकदाही माझ्यासाठी म्हटलेलं नव्हतं.)

लहानपणापासून लोकांनी माझ्याकडे बघून हसावं ही सवय मला आहे, तुला ते नव्यानं सांगायला नको. शाळेत मला ‘पोतं’ म्हणत. पुढे गिरणीत नोकरी लागली तेव्हा खऱ्या पोत्यांच्या काट्यावर मला चढवून दर दसऱ्याला हमाल वजन करत आणि टाळ्या वाजवत. मीही हात वर करून त्यांच्या टाळ्या घेत असे. घरी येऊन सदरा काढताना मात्र मी कपाटाच्या आरशाकडे पाठ करत असे, लग्नाआधीही आणि नंतरही. बाकी शरीराशी माझा संबंध इतकाच होता की ते नेईल तिकडे मी जात असे.

तर या वर्षी मला साखर निघाली. म्हणजे आधीपासून असणार, निघाली या वर्षी. रंगराव वकिलांची मुलगी दिव्यश्री मद्रासहून आहारशास्त्राची पदवी घेऊन आली आणि एस.टी.डी. बूथच्या माडीवर तिनं दवाखाना उघडला. दवाखान्यात औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसतं काय खायचं ते सांगते आणि त्यासाठी पाटी लावली आहे. सरकारनं बाजार खुला केला, टी.व्ही.वर सहा महिन्यांत पोट सपाट करणारी यंत्रं दिसू लागली, कोपऱ्यावरच्या नाडाराच्या दुकानात परदेशी ओट्सचे डबे आले, आणि नेमकं त्याच वेळी माझं तोंड बंद करायचं ठरलं. धनलक्ष्मीनं मला तिकडे ढकलत नेलं. दिव्यश्री मराठी सगळं समजते, बोलते तमिळ आणि इंग्रजीत, अगदी जिव्हाळ्याचं काही असेल तेव्हाच आपलं मोडकं मराठी काढते. तिनं माझे तळपाय पेन्सिलीनं टोचून पाहिले आणि विचारलं, कळतंय का? मला काही कळत नव्हतं. मग तिनं टेबलावरच्या वस्तू उगाच सरळ केल्या आणि सांगितलं, हे असंच चाललं तर पहिल्यांदा पाय जाईल, मग डोळे, आणि मग बाकीचा मी. एवढी तरुण मुलगी, कालपरवा आपल्या अंगणात फुगडी घालत होती, आणि माझे तुकडे करून कुठल्या क्रमानं जाणार ते सांगत होती.

वर तिची एक अट. रोज आरशापुढे उभं राहायचं आणि स्वतःच्या शरीराबद्दल एक चांगली गोष्ट मोठ्यानं म्हणायची. मी म्हटलं, पोरी, मी देवळात गेलो तरी देवाकडे माझ्या शरीराचा विषय काढत नाही. पण ऐकेल तर रंगरावांची मुलगी कसली! पहिल्या दिवशी मी आरशापुढे उभा राहिलो आणि धनलक्ष्मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी राहिली. मला काही सुचेना. दुसऱ्या दिवशीही सुचेना. शेवटी म्हटलं, कान बरे आहेत. मग हळूहळू प्रगती झाली. हात बरे आहेत, या हातांनी गिरणीत एकही बिल चुकीचं लिहिलं नाही. पाय बरे आहेत, इतकं ओझं आयुष्यभर वाहिलं आणि तक्रार केली नाही. (टोचलं तरी कळत नाही अशा पायांचे आभार मानायला फार उशीर झाला होता.) हसू नकोस अक्का, पण त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की हा आरशातला लठ्ठ माणूस कुणी वाईट नाही. त्याच्याशी आजवर कुणी धड बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही.

दिव्यश्रीनं मला एकदा विचारलं, “मामा, तुमी कोणासाठी जेवतां?” मी म्हटलं, मंगळवारी तुझ्या आजोबांसाठी. तिनं पेन्सिल खाली ठेवली. कारण येत्या मंगळवारी खरोखरच तिच्या आजोबांची, कैलासवासी सीतारामरावांची तिथी होती आणि आमंत्रण मला होतं.

आता सीतारामराव म्हणजे काय चीज होती ते तुला आठवत असेल. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पानाशी वाढपी स्वतंत्र ठेवत. त्यांच्या श्राद्धाला वाढायला रंगराव स्वतः, स्वयंपाक त्यांच्या बायकोचा, चंद्रमतीबाईंचा. पोळ्या, वडे, खीर, तिळाचे लाडू, अधिरसम म्हणजे आपले अनारसे, गवारीची भाजी, कारलं, केळफूल, कढी. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभी कोण, तर माझी आहारतज्ज्ञ. बाप पोळी टाकतो, मुलगी माझ्याकडे बघते. बाप तूप ओतायला वाकतो, मुलगी डोळे मिटून घेते. मला बोलायला बंदी, तिला तिथे बोलायची सोय नाही. पितर आणि डॉक्टर यांच्या कचाट्यात असा एकाच वेळी सापडलेला माणूस तंजावूरच्या इतिहासात मीच असेन. मी एक पोळी खाल्ली, एक वडा, भाज्या सगळ्या, खीर जिभेला लावली, आणि पानावर हात आडवा धरला. रंगरावांना वाटलं मी दम खातो आहे. ते वाट बघत उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. शेवटी त्यांनी ‘तृप्ताः स्थ?’ विचारलं आणि मी म्हटलं, ‘तृप्ताः स्मः’. उंबऱ्यावर दिव्यश्रीनं खाली बघितलं, पण मला दिसलं, ती हसत होती.

श्राद्धाचं जेवलेल्यानं त्या दिवशी पुन्हा जेवायचं नसतं. तसा मी निजलो आणि सकाळी एका विचित्र दुखण्यानं उठलो. पोटात काहीतरी ओढल्यासारखं, तोंडाला पाणी. मी घाबरून धनलक्ष्मीला हाक मारली. ती आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, भूक लागली तुमाला!” अक्का, कित्येक वर्षांत मला भूक लागलीच नव्हती. एकाच्या तिथीचं पचायच्या आत दुसऱ्याची तिथी येई. तिनं केळवरगूची कंजी केली, आपली नाचणीची आंबील गं, त्यात ताक, वर चिरलेला छोटा कांदा. मी मागच्या अंगणात बसून ती हळूहळू प्यालो. कांद्याची चव कांद्यासारखी लागत होती. कुणाचा फोटो बघत नव्हता, कुणी पुढे वाकून वाढत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी दिव्यश्रीला सांगायला सकाळीच तिच्या माडीवर गेलो. तिला वाटलं काही वाईट झालं. मला भूक लागली हे ऐकून त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोथ्यापुराणं वाचून जे माझ्या डोक्यात शिरलं नाही ते त्या कांद्यानं शिकवलं, की अन्न हे शत्रूही नाही आणि नोकरीही नाही. पुढचे काही आठवडे मी खरोखर सुखात होतो. साखर उतरली, सदरे ढगळ झाले, आणि सदरा काढताना पाठ फिरवायचं मी विसरून जाऊ लागलो.

पण तिकडे रंगरावांच्या घरी दुसऱ्याच आठवड्यात विहिरीवरची मोटर जळाली. मग तिरुवैयारूकडच्या त्यांच्या शेतात नारळावर कीड पडली. मग गणेशकुमारला, त्यांच्या मुलाला, अमेरिकेच्या वकिलातीनं व्हिसा नाकारला. चंद्रमतीबाई घरोघर जाऊन डोळे पुसत विचारू लागल्या, “अस्कि शास्त्रानं केलं, तरी असं कसाला झालं?” (अस्कि म्हणजे सगळं, इथली बोली विसरली नसशील.) आणि मग कुणीतरी हिशेब मांडला. सीतारामराव उपाशी उठले! शेषगिरी एका पोळीवर उठला म्हणजे चंद्रमतीबाईंचे मामंजी एका पोळीवर उठले. ज्या माणसाला हयातीत डझनभर पोळ्यांनी नुसती चव कळत असे, तो वर्षभरासाठी एका पोळीवर परत गेला, तर मोटर जळेल नाहीतर काय होईल? गल्लीत माझ्याकडे लोक असे बघू लागले की मी म्हाताऱ्याच्या हातातून घास हिसकावला. एका घरानं ठरलेलं आमंत्रण परत घेतलं. माझी गालफडं बसली आहेत, इतक्या रोड माणसाला त्यांच्या सासूबाई ओळखणार नाहीत, असं कारण कळलं. जन्मभर लठ्ठ म्हणून हसले ते हसले, आता रोड म्हणून नाकारू लागले. या देहानं लोकांचं समाधान म्हणून कधी करायचंच नाही, असं दिसतं.

शेवटी रंगराव स्वतः आले. वकील माणूस, कोर्टात जज्जाला न जुमानणारा, माझ्या ओसरीवर लहान मुलासारखा रडला. म्हणाले, अमावास्येला पुन्हा श्राद्ध करतो, बाबा स्वप्नात रिकामं पान घेऊन उभे राहतात. मी काय करणार होतो? मला नाही म्हणता आलं नाही. दिव्यश्रीला त्यांनी त्या दिवशी मुद्दाम कुंभकोणमला मावशीकडे पाठवलं.

अमावास्येला मी अनवाणी गेलो, श्राद्धाला तसंच जायचं असतं. अंगणात शेणानं सारवलेल्या मंडलावर उभा राहिलो आणि रंगरावांनी खाली बसून माझे पाय धुतले. पाय धुणं ही मला त्या विधीतली एकच आवडणारी गोष्ट, निदान पाणी पडताना ऐकू येतं म्हणून. पाणी पडलं ते मंडलावरून लाल होऊन वाहिलं, हे मला मागाहून कळलं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फुटक्या बाटलीची काच पूर्ण आत गेली होती. ती कुठे गेली, केव्हा गेली, मला पत्ता नाही. पोटामुळे मला ती दिसली नाही. रंगरावांनी बघितली. अक्का, त्यांनी बघितली, वर माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पाणी पुन्हा ओतलं, आणखी ओतलं, लाल रंग जाईपर्यंत, आणि पंच्यानं पाय पुसून मला आत नेलं. रक्त दिसलं असतं तर विधी मोडला असता, पुन्हा तिथी कुठून आणणार? मी पानावर बसलो आणि सीतारामरावांच्या मापानं जेवलो. एकही पदार्थ सोडला नाही. काच पायातच होती. रंगरावांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं तृप्त झालो, आणि ते इतके हुंदके देऊन रडले की मला वाटलं बापाच्या आठवणीनं रडतात. दक्षिणा देताना त्यांनी माझे पाय धरले आणि मग पायातल्या काचेबद्दल सांगितलं.

मी रंगरावांना दोष देत नाही. त्यांचा बाप उपाशी होता. राग मला आला तो स्वतःचा, की इतक्या उशिरा सापडलेली भूक मी लोकलाजेपायी एका दुपारी देऊन टाकली. दिव्यश्री कुंभकोणमहून परत आली ती थेट आमच्याकडे, बापाशी अजून बोलत नाही. रोज येऊन पट्टी बदलते, मला नाचणी, भाजी, मूग यांचं कौतुक सांगते, आणि मी जेवत असताना समोर बसून राहते. मी पुन्हा शहाण्यासारखा मापात जेवतो आणि चवीनं जेवतो. जखम भरत आली आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. मेहुण्यांना नमस्कार, सुनेला आशीर्वाद, नातवंडांना गोड पापा (त्यांना तरी गोड चालतं). कळावे, लोभ आहेच, तो तेवढा मापात नको.

तुझा धाकटा,
शेषगिरी

ता. क. – जखम भरत आली असं वर लिहिलं आहे ते खरं नाही. अंगठा काळा पडला. पुढच्या गुरुवारी इस्पितळात पाय कापणार आहेत. डॉक्टर सांगतात बहुतेक घोट्यापर्यंत, आत गेल्यावर बघू म्हणतात. सही मी केली आहे.

ता. क. दुसरा – अंगहीन माणसाला श्राद्धाच्या पानावर बसवत नाहीत, हे आपल्या शास्त्रातच आहे. म्हणजे गुरुवारनंतर मी सुटलो. काल पितृपक्षाची दोन आमंत्रणं आली होती, त्यांना मी हे नम्रपणे सांगितलं. ते फार हळहळले. पायासाठी नव्हे, आता कुणाला बसवायचं म्हणून.

ता. क. तिसरा, आणि हेच खरं पत्र समज – धनलक्ष्मीला मी सांगितलं आहे की नुसती जखम साफ करणार आहेत. हे पत्र दोन दिवस मेजावर पडून आहे, तिनं दोनदा उचलून खालचं मेज पुसलं. तिला आपली देवनागरी येत नाही, तमिळ शाळेत शिकलेली ती. मी तुला रसम पावडरची कृती लिहितो आहे असं तिला वाटतं. मला आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा द्यायचं नाही, आणि शुद्ध यायला संध्याकाळ होईल म्हणतात. लग्न झाल्यापासून माझ्याआधी ती एकदाही जेवलेली नाही. तिच्या अंगात रक्त कमी आहे, दिव्यश्रीनं मला वेगळं बाजूला घेऊन सांगितलं, आणि बाहेरच्या बाकावर ती तशीच बसून राहील. दिव्यश्रीचं ती या बाबतीत ऐकणार नाही, तुझं ऐकेल. तेव्हा माझ्यासाठी येऊ नकोस, मी आत निजलेला असेन. तिला जेवायला घालायला ये. पायाचं तिला मागाहून सांग, आधी जेवण. आणि ती विचारेल, तेव्हा सांग की मला आत जेवण दिलं आणि मी पोटभर जेवलो. या एका बाबतीत तिला माझ्याबद्दल काहीही सांगितलं तरी खरं वाटतं.